इरावतीची आखूड रायफल

इरावती सोहोनी बंदूक घेणार आहे ही बातमी ऑकलंडपासून दीड तासावरच्या आमच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळात फुटली, तेव्हा "कशाला?" असं कुणीच विचारलं नाही. "अगं, पण ती तर अंडंसुद्धा खात नाही!" असं मात्र सगळे एका सुरात म्हणाले. जशी काही बंदूक म्हणजे बिर्याणीच्या मसाल्यातली वस्तू. मी नीलिमा, इरावतीची मैत्रीण. स्वभावाने तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. तिच्या वतीने लोकांना उत्तरं देण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आलेलं आहे, कारण ती स्वतः उत्तरं देत बसत नाही. विचारणाऱ्याकडे बघून हसते, चहा टाकते आणि जे करायचं ते करते.

तिची नोकरी चवीची. ते रापा नावाच्या उपनगरात दुधाची पावडर करणाऱ्या एका कंपनीत ती पावडरची परीक्षा घेते. तिच्यासमोर तीन पेले येतात. दोन पेल्यांत एकच दूध, तिसऱ्यात वेगळं. वर नाव नाही, खूण नाही, आणि रंगावरून ओळखू नये म्हणून खोलीत लाल दिवा. वेगळा पेला कुठला ते फक्त जिभेने सांगायचं. तिचं म्हणणं असं, की डोळ्यांना किंमत दिसते, कंपनीचं नाव दिसतं, शेजारणीने काय घेतलं ते दिसतं, आणि मग जिभेलाही तेच लागायला लागतं. म्हणून घरातली प्रत्येक खरेदी ती तशीच करते. गादी घेताना दुकानात डोळे मिटून सगळ्या गाद्यांवर पालथी पडलेली बाई हॅमिल्टनने तिच्याआधी पाहिली नसावी. मी बरोबर होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तिला काही नाही.

बंदूक मात्र तिला नवी नव्हती. पुण्याला कॉलेजात असताना ती एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवायची आणि चांगली चालवायची. लग्नानंतर कुणी बंद पाडलं असं नाही, आपोआप बंद पडलं. डबे, पीएचडी, व्हिसा, पुन्हा डबे. मग दोन हजार तीन सालच्या पावसाळी संध्याकाळी ऑकलंडजवळच्या अल्बनीहून एका डोहाळजेवणाहून परत येताना हंटलीच्या अलीकडे समोरचा ट्रक यांच्या लेनमध्ये आला. गाडी रस्ता सोडून कुंपणाच्या खांबावर आदळली. नवरा रमण गाडी चालवत होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही. इरावतीच्या डाव्या हाताचा कोपर आणि त्याखालची दोन्ही हाडं गेली. ऑपरेशनं झाली, पट्ट्या बसल्या, स्क्रू बसले, एसीसीने, म्हणजे इथल्या सरकारी अपघात विम्याने, खर्च केला, फिजिओने तिला रडवायचा प्रयत्न केला आणि तो हरला. हात परत आला, पण जोर परत आला नाही. कुकर उचलताना ती हल्ली उजवा हातच पुढे करते.

हाताचं हे असं असताना ती शहराबाहेरच्या एका रायफल क्लबात जायला लागली. तिथे दर शनिवारी मेंढ्यांच्या कुरणापलीकडे मातीच्या बांधासमोर लोखंडाच्या छोट्या आकृत्या मांडतात. जवळ कोंबड्या, मग डुकरं, मग टर्की आणि सगळ्यात लांब एडके. सगळ्या तळहाताएवढ्या किंवा त्याहून जरा मोठ्या. उभं राहून, कशाचाही टेकू न घेता, गोळीने त्या पाडायच्या. क्लबच्या मेंबरच्या देखरेखीखाली क्लबची रायफल चालवायला परवाना लागत नाही. "लोखंडाची कोंबडी शाकाहारीच धरतात," असं मी मंडळात जाहीर केलं, तेव्हा कुठे बायका गप्प झाल्या.

पहिल्याच शनिवारी अडचण कळली. रायफलीचा दस्ता उजव्या खांद्याला, उजवा हात चापावर, इथपर्यंत ठीक. पण पुढची लांब नळी डाव्या हाताने तोलून धरायची असते. इरावतीने ती उचलली, नेम धरला आणि बघता बघता डावा हात लटलटायला लागला. नळीचं टोक कोंबडीभोवती प्रदक्षिणा घालायला लागलं. लेस नावाचा एक म्हातारा मेंबर तिथे होता. ते रापाला त्याची बंदूक दुरुस्तीची शेड आहे. तो मायेने म्हणाला, "लव्ह, खाली आडवी पडून मार. कुणी काही म्हणणार नाही."

"आडवं पडून खूप झालं माझं," इरावती म्हणाली. "मला उभं राहूनच मारायचंय."

लेसने तिच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं आणि पाइप न पेटवताच दाताखाली धरून म्हणाला, "मग तू बुलपप बघ."

बुलपप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि एकदा कळल्यावर अगदी सोपं वाटलं. साध्या रायफलीत चाप मागे आणि गोळी उडवणारं यंत्र त्याच्या पुढे असतं. बुलपपमध्ये ते सगळं यंत्र मागे दस्त्यात सरकवतात आणि चाप त्याच्या पुढे येतो. नळी तेवढीच राहते, पण एकूण बंदूक वीतभर आखूड होते आणि वजन सगळं खांद्याशी येतं. पुढच्या हाताला फारसं काही उचलावंच लागत नाही. इरावतीच्या डोळ्यांत ते ऐकतानाच असा काही उजेड पडला, की मी मनात म्हटलं, आता ही बाई आपल्याला गाद्यांसारखी गावभर फिरवणार.

तसंच झालं. फिरलो. हॅमिल्टनची दुकानं झाली, ऑकलंडची झाली. दुकानात शिरलं की सेल्समन माझ्याकडे बघून विचारायचा, "हिच्या हजबंडसाठी का?" तोवर इरावतीचे प्रश्न सुरू झालेले असायचे. खांद्यापासून चापापर्यंत अंतर किती? कमी करता येतं का? चाप मागच्या यंत्राला कशाने जोडलाय, सळईने की पट्टीने? रिकामं काडतूस कुठल्या बाजूने बाहेर पडतं? कानापासून आवाज किती जवळ? दोन-चार प्रश्नांनंतर सेल्समन आतल्या माणसाला बोलवायचा. मंडळातल्या चारुदत्तने इंटरनेटवरून कागदांचा गठ्ठा छापून आणला आणि ऑस्ट्रियन रायफलच घ्या असा निकाल दिला. आर्मी तीच वापरते म्हणे. चारुदत्तने जन्मात दिवाळीतली टिकली सोडून काही उडवलेलं नाही. चौकशीला पैसे पडत नाहीत आणि सल्ल्याला तर नाहीच नाही.

शेवटी तीन रायफली उरल्या. पहिली ती ऑस्ट्रियन. क्लबातल्या एका माजी सैनिकाकडे तिची सिव्हिलियन आवृत्ती होती. दुसरी साधी पॉइंट टू टू, पण प्लॅस्टिकच्या बुलपप खोळीत बसवलेली. ती एका दुकानदाराने शनिवारपुरती दिली होती, लेसच्या शब्दावर. तिसरी लेसने स्वतः केलेली. प्रत्येक गोळीला हाताने खटका ओढायच्या जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन पॉइंट टू टूला त्याने अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरून तिचं बुलपप केलं होतं. खरं सांगायचं तर ती दिसायला मुसळ आणि क्रिकेटची बॅट यांच्या मधली काहीतरी होती.

त्या शनिवारी इरावतीने तिन्ही टेबलावर मांडायला लावल्या. लेसने तिन्ही रिकाम्या असल्याचं दाखवलं, मग तिलाही बघायला लावलं. इरावती बांधाकडे तोंड करून उभी राहिली आणि डोळे मिटले.

"नीलिमा, एकेक हातात दे. क्रम तुझा तू ठरव, मला सांगू नकोस."

"अगं, इथे पण?"

"इथेच तर."

मी दिली. ती डोळे मिटूनच रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायची, थांबायची आणि मग डोळे उघडायची. उघडल्या क्षणी नेम कोंबडीवर आहे का आभाळात, ते बघायची. मग रिकामाच चाप दाबायची, कारण लेसने त्यासाठी आत खोटी काडतुसं घातली होती. डोळे उघडून एक शब्द बोलायची नाही. परत मिटायची. मी क्रम बदलून तिन्ही पुन्हा दिल्या, मग आणखी एकदा. क्लबचे लोक सँडविच हातात धरून बघत राहिले होते. एक आजोबा मला हळूच म्हणाले, "इज शी अ‍ॅक्चुअली गोइंग टु शूट समथिंग?"

"शी इज कंपेअरिंग," मी म्हटलं. मला एकाएकी तिचा फार अभिमान वाटला.

शेवटी ती वळली. "पहिली, म्हणजे ऑस्ट्रियन. तोल उत्तम. हात काही मागतच नाही. पण चाप खूप मागे ओढावा लागतो, कधी सुटणार ते कळत नाही. आणि तिला लष्करी धाटणीच्या बंदुकांचा वेगळा ई कॅटेगरीचा परवाना लागतो. तो मागण्याइतकी माझी गरज नाही. प्लॅस्टिकवाली हलकी आहे, पण चाप दाबताना ओला टॉवेल पिळल्यासारखं वाटतं. आणि खांद्यापासून चाप फार लांब. माझे हात आखूड आहेत, आणि मागे यंत्र असल्याने दस्ता कापता येत नाही. लेसची जड आहे, पण जड मागे आहे. डोळे उघडले की नेम तिथेच होता, तिन्ही वेळा. चाप काचेची काडी मोडावी तसा एका झटक्यात सुटतो."

"पण बोल्ट गालाशी आहे," माजी सैनिक म्हणाला. "प्रत्येक गोळीनंतर खांद्यावरून उतरवावी लागेल. यू विल बी स्लो."

"कोंबडी लोखंडाची आहे," इरावती म्हणाली, "ती कुठे पळून चाललीय?"

लेस इतका हसला की पाइप खाली पडला. पण तिने लगेच होकार दिला नाही. काडतूस फुटलं तर गालाच्या आड काय आहे, ते तिने लेसला दस्ता उघडून दाखवायला लावलं. आत पोलादी पत्रा निघाला. मग गाल टेकवायची जागा बोटभर खाली घ्यायला सांगितली. लेस म्हणाला, "स्वीट अ‍ॅज. एकदम झकास. तू परवान्याचं कार्ड आण, तोवर मी हे करून ठेवतो. ती तुझीच."

म्हणजे आता राहिला फक्त परवाना. तिने सुरक्षेचा कोर्स केला, परीक्षेत एकही चूक केली नाही, बेडरूमच्या कपाटात भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी बसवून घेतली. या देशात परवाना देण्याआधी पोलिसांचा माणूस घरी येतो. अर्जदाराशी बोलतो, मग नवऱ्याशी किंवा बायकोशी एकट्याने बोलतो, मग नात्यात नसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाशी. ती ओळखीची मी. नवरा अर्थातच रमण.

रमणबद्दल सांगायचं तर तो कौन्सिलच्या आयटीत आहे आणि आमच्या मंडळाचा कायमचा निवेदक. गणपती असो, कोजागिरी असो, माइक त्याच्या हातात आणि विनोद बायकोवर. "घरात शेवटचा शब्द माझाच असतो, 'बरं'!" हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की तो माझ्या लग्नाआधीचा असावा असं वाटतं. सगळे नवरे हसतात, बायका लाटणं दाखवल्यासारखं करतात, फोटो निघतो. अपघातानंतर तर त्याला जास्तच ऊत आला होता. इरावतीच्या हातातून वाटी निसटली की हा लगेच "फेकून मारायला शिकतेय" म्हणायचा आणि वाटी उचलायचा. त्या हाताकडे मात्र तो कधी बघायचा नाही. मला त्याचा राग यायचा. इरावती हसायची, आणि तिच्या हसण्याचा मला जास्त राग यायचा.

पोलिसांकडून रॉस नावाचा उंच, हळू बोलणारा माणूस आला. पेटी बघितली, इरावतीशी बोलला, खूश दिसला. मग रमणला घेऊन बसला. संध्याकाळी रमणने आम्हाला ती मुलाखत रंगवून सांगितली, षटकारावर षटकार मारल्यासारखी.

"तो म्हणाला, हाऊ डू यू फील अबाउट युअर वाइफ हॅविंग अ गन? मी म्हटलं, मेट, आय अ‍ॅम स्केअर्ड ऑफ हर विदाउट द गन! तर हसला नाही. म्हणाला, हॅज शी एव्हर थ्रेटन्ड यू? मी म्हटलं, एव्हरी मॉर्निंग, विथ अ रोलिंग पिन! कसला ड्राय माणूस आहे. लिहून घेत होता सगळं."

मी इरावतीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं.

"रमण," ती म्हणाली, "त्याने लिहून घेतलं?"

"हो. सगळं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पुण्यात एखाद्या इन्स्पेक्टरने यावर टाळी दिली असती आणि दुसरा चहा मागितला असता. इथल्या माणसाला घराघरांत काय काय बघावं लागतं ते रमणच्या डोक्यातच आलं नाही. आठवड्याने इरावतीला फोन आला. अर्ज थांबवला आहे, आणखी चौकशी करावी लागेल. मग मला आला. रॉसने मला अगदी सौम्यपणे विचारलं, की तुम्ही रमणच्या अंगावर कधी वळ किंवा जखमा बघितल्यात का?

मी म्हटलं, "तो जोक होता. आमच्याकडे नवरे असे जोक करतात."

"हो," रॉस म्हणाला, "मला सगळे तसंच सांगतात."

फोन ठेवल्यावर मला संताप आवरेना. परवाना नाकारला तर ते कायमचं नोंदलं जातं. पुन्हा कधीही, कुठेही अर्ज केला की आधी ते निघणार. नवऱ्याला मारणारी बाई. आणि कुणाबद्दल? ऑपरेशनच्या रात्री "रमणने काही खाल्लं का?" असं नर्सला विचारणाऱ्या बाईबद्दल. मी तडक त्यांच्याकडे गेले आणि रमणला दारातूनच फैलावर घेतलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा खुर्चीत बसून राहिला होता, चेहरा पांढराफटक.

"मी त्याला समजावून सांगतो," तो म्हणाला. "आपल्या कल्चरचं सांगतो. चारुदत्त म्हणतो एक स्टेटमेंट लिहून..."

"नको," इरावती म्हणाली. ती चिडलेली नव्हती, हेच मला भयंकर वाटत होतं. "पढवलेलं उत्तर त्याला कळेल. मलाही कळेल. काय बोलायचं ते मी तुला सांगणार नाही, रमण. फक्त एकदा, एकदाच, कुणी काही विचारलं तर सरळ उत्तर दे."

"आणि नाही मिळाला परवाना तर?"

"तर रायफल लेसकडे राहील. मला काही मारून टाकलं नाहीये अजून कुणी." असं म्हणून ती उठली आणि चहा टाकला. पण कप मांडताना तिने डावा हात वापरायचा हट्ट केला आणि एक कप बशीवर खणखणला. रमण टीव्हीकडे बघत होता, आणि टीव्ही बंद होता.

रॉस रविवारी दुपारी परत आला. त्याने इरावतीला जरा बाहेर जाऊन यायला सांगितलं. ती कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेली. दुधाच्या कंपनीतली बाई घरात दूध असताना दूध आणायला गेली, यावरून तिच्या मनाची कल्पना करा. मलाही दोन प्रश्न विचारायचे होते म्हणून मी स्वयंपाकघरात थांबले. ते दोघे बाहेर डेकवर बसले. मधली खिडकी उघडी होती. ती लावून घेण्याइतकी मी सभ्य नाही, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"यू सी, इन अवर कल्चर..." रमणने सुरुवात केली.

"कल्चरचं राहू दे," रॉस म्हणाला. "तुला साधं विचारतो. तू तुझ्या बायकोला घाबरतोस का?"

शेजारच्याचं लॉनमोवर तेवढं चालू होतं.

"नाही," रमण म्हणाला. आवाज निवेदकाचा नव्हता. "तिने माझ्यावर कधी हात उगारला नाही. आवाजसुद्धा फारसा चढवत नाही. मी तिला घाबरत नाही. मी तिच्या हाताकडे बघायला घाबरतो."

"म्हणजे?"

"ट्रक समोरून येत होता. मी स्टिअरिंग डावीकडे मारलं. डावीकडे ती बसली होती. मला काही झालं नाही. आता लोक घरी येतात, ती काही उचलायला जाते, आणि मला वाटतं आता कुणीतरी विचारणार, की गाडी कोण चालवत होतं? म्हणून मी त्याआधी काहीतरी बोलतो. सगळे हसतात. मग कुणी विचारत नाही."

मी ओट्याशी गाळणं धरून उभी होते. इतकी वर्षं या माणसाच्या विनोदांवर मी दातओठ खाल्ले होते आणि त्यांच्या मागे काय आहे हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी येऊ दिलं.

"हे तिला सांगितलंस?" रॉसने विचारलं.

"नाही."

"माझ्या फॉर्मवर याला जागा नाही," रॉस म्हणाला. "पण तिला सांग."

तो आत आला, माझे लाल डोळे बघितले आणि जे दोन प्रश्न विचारायचे होते त्यातला एकच विचारला. चहा संपवून, "की ओरा" असा माओरीत निरोप घेऊन निघून गेला. इरावती दुधाची बाटली घेऊन परत आली तेव्हा रमण दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता. तिला पायांतल्या रबरी चपला काढायलाही वेळ न देता त्याने डेकवर सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, मराठीत. मराठीत ते जास्त अवघड गेलं त्याला. दोनदा अडखळला. मी जायला हवं होतं हे मला कळत होतं, पण दार त्या दोघांच्या पलीकडे होतं.

इरावतीने बाटली टेबलावर ठेवली.

"उजवीकडे ट्रक होता, रमण," ती म्हणाली. "तू डावीकडे वळवलंस म्हणून आज दोघंही आहोत. हे मी तुला त्याच रात्री सांगणार होते. पण तू जोक केलास. दुसऱ्या दिवशी परत केलास. मग मी म्हटलं, याला जेव्हा सांगायचं असेल तेव्हा सांगेल हा." आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, फिजिओला जे जमलं नव्हतं ते. "तीन वर्षं लागली तुला. आणि त्यासाठी घरी पोलीस यावा लागला."

त्यानंतर काही आठवड्यांनी परवान्याचं कार्ड आलं. तिने ते कुणाला दाखवलं नाही. सरळ गाडी काढून लेसच्या शेडवर गेली, रायफल घेतली आणि पेटीत ठेवली. मंडळात चारुदत्तने विचारलं, की मग शेवटी ऑस्ट्रियनच ना? ती हसली. त्या कोजागिरीला रमणने निवेदन केलं, तेही बरं झालं. बायकोवर विनोद नव्हता. लोकांना जरा चुकल्यासारखं झालं. मला झालं नाही.

पुढच्या शनिवारी रमण पहिल्यांदाच क्लबवर आला. गमबूट विसरला होता, म्हणून चांगले बूट चिखलात रुतवत आमच्या मागे उभा राहिला. इरावती रेषेवर गेली. अजून काडतूस भरलं नव्हतं, कानांवर मफ चढवले नव्हते. तिने ती लाकडी मुसळासारखी रायफल खांद्याला लावली आणि कोंबडीवर नेम धरून तशीच उभी राहिली. वारा होता. मेंढ्या ओरडत होत्या.

"रमण," ती मागे न बघता म्हणाली, "इकडे ये. हात बघ माझा. थरथरतोय?"

रमणने रेंज ऑफिसरकडे बघितलं, त्याने मान हलवली. रमण पुढे गेला. तिची बाही कोपरापर्यंत वर केलेली होती आणि ऑपरेशनचा व्रण मनगटापासून वर गेलेला होता. तो वाकला आणि बघितलं, नीट, बराच वेळ. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण तोंडाशी आलेला विनोद गिळताना माणूस कसा दिसतो ते मला आता ओळखता येत होतं. पण त्याच्या तोंडाशी विनोद आलेलाच नव्हता.

"थोडा थरथरतोय," तो म्हणाला.

"थोडा चालतो," इरावती म्हणाली. तिने मफ चढवले, त्यालाही चढवायला लावले, बोल्ट उघडला, काडतूस भरलं. पहिली गोळी कोंबडीच्या वरून गेली आणि बांधात धूळ उडाली. तिने रायफल खांद्यावरून उतरवली, सावकाश बोल्ट ओढला, दुसरं काडतूस भरलं, पुन्हा लावली. दुसऱ्या गोळीला टण्ण आवाज झाला आणि लोखंडी कोंबडी पाठीवर पडली. क्लबच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, लेसने शिट्टी मारली. रमण अजून तिच्या हाताकडेच बघत होता. कोंबडी पडली, हे त्याला मी सांगितलं.